नेमून दिलेला चांगुलपणा

माणसं चांगली निघाली की त्यांचा धर्म चांगला आणि वाईट निघाली की धर्मातच खोट, असा हिशेब आपण सगळेच फार सहज मांडतो. सातारा जिल्ह्यातल्या ज्या गावात मी वाढले तिथे माळकऱ्यांच्या बाबतीत हा हिशेब रोज मांडला जायचा, फक्त तो एका अंगाला झुकलेला असायचा. माळ घातलेल्या दुकानदारानं वजनात मारलं की गाव म्हणायचं, "गळ्यात माळ आणि हे धंदे!" दुसरा एक माळकरी मध्यरात्री जीप काढून कुणाच्याही बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवायचा. त्याच्याबद्दल मात्र "माणूस देवासारखा आहे" एवढंच. खोट माळेच्या नावावर आणि चांगुलपणा माणसाच्या.

अमेरिकेतल्या युटा राज्यात राहायला आले आणि मॉर्मन या ख्रिस्ती पंथातल्या शेजाऱ्यांबद्दल आपल्या लोकांच्या गप्पा ऐकल्या, तर तिथली तऱ्हा निराळी. कुणी आपल्या अंगणातला बर्फ काढून दिला तर "त्यांना चर्चनं सांगितलेलं असतं". कुणी गरम जेवण आणून दिलं तर "धर्मात ओढायचं असेल". आणि कुणी पैशाला फसवलं तर "बघा यांचं संतपण". चांगलं केलं तरी चर्चच्या खात्यावर, वाईट केलं तरी चर्चच्या खात्यावर, माणसाच्या पदरात काहीच नाही. दोन्ही हिशेब मला अपुरे वाटतात. या लोकांत राहूनच माझी मुलगी लहानाची मोठी झाली, त्यांच्यातल्या काहींवर मी मनापासून जीव लावला आहे, काही गोष्टींनी मला फार दुखावलंही आहे. म्हणून हे नीट विचार करून लिहावंसं वाटलं.

'मॉर्मन' हे नाव आता त्यांचं त्यांनाच नको आहे. २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे पूर्ण नावच वापरा असा आग्रह धरला. शेजारीपाजारी स्वतःला नुसतं 'मेंबर' म्हणतात. वाचकाला ओळखीचं म्हणून मी जुनं नाव वापरते आहे, त्यात अनादर नाही. आणि भारतातून फोनवर हमखास विचारला जाणारा प्रश्नही इथेच निकालात काढते. बहुपत्नीत्वाची प्रथा बंद करत असल्याचं चर्चनं १८९० मध्ये जाहीर केलं. आजही ती पाळणारे पंथ वेगळे आहेत, माझ्या गल्लीतल्या लोकांचा त्यांच्याशी संबंध नाही.

सॉल्ट लेक सिटीच्या आसपास तुम्ही कुठेही घर घ्या, तुमचं घर कुठल्या ना कुठल्या वॉर्डाच्या हद्दीत येतंच. वॉर्ड म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी. आवडलं ते चर्च निवडून जायचं, असं इथे नाही. नकाशावर हद्दी आखलेल्या असतात आणि ज्या हद्दीत तुम्ही राहता तिथल्याच वॉर्डात तुम्ही जायचं. त्यामुळे रविवारी एकाच बाकावर वकील, सुतार, विधवा आजी, कर्जबाजारी झालेला दुकानदार असे सगळे शेजारी बसतात. वॉर्डाचा प्रमुख बिशप. त्याला पगार नाही आणि धर्मशास्त्राची पदवीही लागत नाही. आम्ही आलो तेव्हा आमच्या भागाचे बिशप दातांचे डॉक्टर होते. दिवसभर दवाखाना, संध्याकाळी कुणाच्या घरातलं भांडण, कुणाची गेलेली नोकरी, कुणाचं दारूचं व्यसन. साधारण पाच वर्षं हे सांभाळायचं, मग दुसऱ्या कुणाला तरी बोलावणं येतं आणि बिशप पुन्हा साधा मेंबर होऊन मुलांच्या वर्गाला शिकवायला लागतो.

या रचनेत प्रत्येकाला काम नेमून दिलेलं असतं. प्रत्येक कुटुंबाकडे लक्ष ठेवायला ठरलेली माणसं असतात. पूर्वी त्यांनी महिन्याला एकदा घरी जाऊन यायचं आणि तशी नोंद द्यायची अशी पद्धत होती. २०१८ मध्ये ती सैल केली आणि तिला 'मिनिस्टरिंग' म्हणायला लागले. बायकांची 'रिलीफ सोसायटी' तर १८४२ पासूनची, इलिनॉयमधल्या नॉवू गावात सुरू झालेली. संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या पत्नी एमा या तिच्या पहिल्या अध्यक्षा. कुणाकडे बाळंतपण झालं, कुणी गेलं, कुणाचं ऑपरेशन आहे, हे या बायकांना सगळ्यांत आधी कळतं आणि लगेच एक कागद फिरतो. सोमवारी कोण जेवण देणार, मंगळवारी कोण.

माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा असाच एक कागद माझ्यासाठीही फिरला होता. मी मेंबर नाही, होण्याची शक्यता नाही, हे समोरच्या बाईंना चांगलं ठाऊक होतं. पहिल्या संध्याकाळी आलेल्या ट्रेमध्ये किसलेले बटाटे, चीज, सावर क्रीम आणि वरून कुरकुरीत कॉर्नफ्लेक्स असा भाजलेला पदार्थ होता. इथे त्याला 'फ्युनरल पोटॅटोज' म्हणतात, कारण अंत्यविधीनंतरच्या जेवणात तो हटकून असतो. त्यात बहुतेक वेळा चिकन सूपचा डबा ओततात. माझ्या नवऱ्यानं दारातच विचारलं आणि आम्ही शाकाहारी असल्याचं सांगितलं. त्या बाई ट्रे घेऊन परत गेल्या आणि तासाभरात टोमॅटोचं सूप आणि ब्रेड घेऊन आल्या. दोन दिवसांनी दुसऱ्याच एका बाईंनी आणलेल्या त्याच पदार्थात मशरूमचं सूप घातलेलं होतं. तिसरीनं आणलेल्या फळांच्या गोडात जिलेटिन नव्हतं, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून होतं हे तिनं मुद्दाम शोधून काढलं होतं. या तिघींपैकी दोघींना मी त्याआधी कधी भेटलेही नव्हते. माझ्या घरचं पथ्य कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलं आणि पुढे सांगितलं होतं.

आमच्या घरी यावरून बरीच चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं, यादीत नाव आलं म्हणून केलेल्या कामाला चांगुलपणा का म्हणायचं? ज्याच्या मनात आपणहून येतं तो खरा चांगला. हे ऐकायला बरोबर वाटतं, बऱ्याच जणांचं मत असंच असतं. मला ते पटत नाही. कुणी आजारी पडलं की आपण सगळेच म्हणतो, "काही लागलं तर सांगा हं." आणि कुणीच सांगत नाही. मागणं जड जातं. समोरच्याच्या मनात खरोखर असलं तरी ते तिथेच राहतं. यादी हे मधलं अडलेलं पुढे सरकवते. "मंगळवारी साडेपाचला मी येते आहे" या वाक्यात आजाऱ्याला काही मागावं लागत नाही. शिवाय आपणहून येणारा चांगुलपणा माणूस बघून येतो. ज्याचा स्वभाव गोड, ज्याच्याशी गप्पा जमतात, त्याच्याकडे दहा जण धावतात. तिरसट म्हाताऱ्याकडे कोण जाणार? यादीत त्या म्हाताऱ्याचंही नाव असतं.

त्यांच्या धर्मग्रंथातही याला आधार आहे. बुक ऑफ मॉर्मनमध्ये राजा बेंजामिन आपल्या प्रजेला सांगतो की माणसांची सेवा करता तेव्हा तुम्ही देवाचीच सेवा करत असता. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण काय कबूल करतो असं विचारलं तर माझी शेजारीण एकमेकांची ओझी उचलणं आणि रडणाऱ्याबरोबर रडणं या दोन गोष्टी पहिल्यांदा सांगते. तिला त्या पाठ आहेत आणि ती त्या पाळते.

१८ मार्च २०२० च्या सकाळी सात वाजून नऊ मिनिटांनी इथे ५.७ रिश्टरचा भूकंप झाला. केंद्र मॅग्नाजवळ, सॉल्ट लेकच्या पश्चिमेला. कोरोनामुळे शाळा बंद झालेल्या, चर्चनं आठवडाभरापूर्वीच जगभरातल्या सगळ्या सभा थांबवलेल्या. टेंपल म्हणजे रविवारच्या चर्चहून वेगळी, खास विधींसाठीची त्यांची पवित्र इमारत. शहराच्या मध्यभागी असलेल्या मोठ्या टेंपलच्या शिखरावरच्या मोरोनी देवदूताच्या पुतळ्याच्या हातातली तुतारी त्या धक्क्यानं पडली, त्याचे फोटो जगभर गेले. आम्ही बाहेर येऊन उभे होतो, पायात चपलाही नव्हत्या. थोड्या वेळानं गल्लीच्या टोकाकडून एक निवृत्त गृहस्थ हातात लांब पाना घेऊन येताना दिसले. लांबूनच, हातवारे करत, त्यांनी विचारलं की गॅसचा वास येतोय का, घरात एकटं कुणी आहे का, औषधं पुरेशी आहेत का. मीटर पाहिला, व्हॉल्व्ह कुठे आहे आणि वास आला तरच तो कसा बंद करायचा ते दाखवलं आणि पुढच्या घराकडे गेले. त्यांच्या हातात एक कागद होता. त्यावर मेंबरांची नावं नव्हती, घरांचे नंबर होते. आमच्या पलीकडे एक मेक्सिकन कॅथलिक कुटुंब, त्यापलीकडे एकटा राहणारा एक नास्तिक प्राध्यापक. कागदावर ओळीनं सगळी घरं होती आणि सगळ्यांच्या पुढे त्यांनी खूण केली.

त्या दिवसानंतर मी त्यांच्याशी खूप बोलले. त्यांच्या तळघरात गव्हाचे, तांदळाचे, दूध पावडरचे डबे तारखा लावून ठेवलेले असतात. अडचणीच्या दिवसांसाठी साठा ठेवा, हे चर्च त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दोन वेळचं जेवण सोडतात आणि त्या जेवणाचे पैसे, जमल्यास जास्तच, गरजूंसाठी देतात. मिळकतीचा दहावा हिस्सा ते चर्चला देतात, हे पैसे त्याहून वेगळे. १९३६ च्या मंदीत सुरू झालेल्या व्यवस्थेतून आजही बिशपची चिठ्ठी घेऊन गेलेल्या कुटुंबाला कोठारातून किराणा मिळतो. उपास आपल्याकडेही पाळतात, मीही पाळते. पण वाचलेलं जेवण कुणाच्या तरी ताटात गेलंच पाहिजे, अशी चोख सोय मी दुसरीकडे पाहिली नाही.

घरी आलेल्या मॉर्मन पाहुण्याला द्यायचं काय, हा आपल्या घरांतला खरा पेच. १८३३ च्या 'वर्ड ऑफ विज्डम' या वचनानुसार दारू आणि तंबाखूबरोबर चहा-कॉफीही त्यांना वर्ज्य. आपल्याकडे आल्यागेल्याला चहा विचारला नाही तर अपमान, आणि यांनी तो घेतला तर त्यांचा नेम मोडतो. आमच्याकडे यावर कोकम सरबत हा उपाय निघाला आणि तो इतका आवडला की आता उन्हाळ्यात लोक विचारत येतात. इतक्या वर्षांत माझ्या हातातल्या चहाच्या कपाकडे कुणी वाकड्या नजरेनं पाहिल्याचं आठवत नाही. दुसऱ्याच्या देवाबद्दलही तेच. युटातल्याच स्पॅनिश फोर्क गावी राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे. ते बांधलं जात असताना चर्चनं २५ हजार डॉलर दिले होते आणि रंगपंचमीसारखा रंगांचा उत्सव तिथे होतो त्यात प्रोव्होच्या मॉर्मन विद्यापीठातली मुलं हजारोंनी नाचतात.

इथवर वाचून कुणाला वाटेल की माझं मत ठरलेलंच आहे. ते तसं नाही, आणि त्याचं कारण या लोकांच्या इतिहासात अकरा महिन्यांच्या अंतरानं घडलेल्या दोन घटना आहेत.

पहिली १८५६ ची. इंग्लंड-स्कँडिनेव्हियातून आलेले गरीब मेंबर, बैलगाडीला पैसे नाहीत म्हणून हातगाड्या ओढत युटाकडे निघाले होते. विली आणि मार्टिन यांच्या दोन तुकड्या फार उशिरा निघाल्या. कच्च्या लाकडाच्या गाड्या मोडत गेल्या, वायोमिंगमध्ये लवकर बर्फ पडला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिगहम यंग यांना सॉल्ट लेकमध्ये ही बातमी कळली. दुसऱ्याच दिवशी ते व्यासपीठावरून प्रवचन द्यायला उभे राहिले आणि त्यांनी खेचरं मागितली, गाड्या मागितल्या, पीठ मागितलं. ही माणसं आणली नाहीत तर तुमची श्रद्धा आणि तुमचा धर्म तुमच्यातल्या एकालाही तारणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. एक-दोन दिवसांत गाड्या निघाल्याही. दोनशेहून जास्त माणसं दगावली, पण शेकडो वाचली. ज्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या घरातलं पीठ आणि पांघरुणं गाडीत टाकून बर्फात धाव घेतली, त्यांच्याबद्दल वाचताना आजही माझा ऊर भरून येतो.

दुसरी सप्टेंबर १८५७ ची. अमेरिकी सैन्य युटावर चालून येत होतं, प्रदेशात भीतीचं वातावरण होतं. मिसूरीतून हाकलल्याची, १८३८ मध्ये तिथल्या गव्हर्नरनं 'यांना संपवा किंवा राज्याबाहेर घालवा' असा हुकूम काढल्याची, १८४४ मध्ये जोसेफ स्मिथ यांना तुरुंगात घुसून मारल्याची आठवण ताजी होती. आर्कान्साहून कॅलिफोर्नियाला चाललेला एक काफिला दक्षिण युटातल्या माउंटन मेडोज या कुरणात थांबला. स्थानिक मॉर्मन पुढाऱ्यांनी, जे चर्चचेही अधिकारी होते आणि नागरी सेनेचेही, त्याला वेढा घातला आणि ११ सप्टेंबरला पांढरं निशाण दाखवून, सुखरूप पोचवण्याचं वचन देऊन लोकांना बाहेर काढलं. सुमारे १२० माणसं मारली गेली, त्यात बायका आणि मुलं होती. सतरा लहानग्यांना तेवढं जिवंत ठेवलं. अनेक वर्षं सगळा दोष पायूट आदिवासींवर ढकलला गेला. त्यातल्या काहींना मॉर्मनांनीच आपल्याबरोबर घेतलं होतं. शिक्षा फक्त जॉन डी. ली यांना झाली, १८७७ मध्ये त्याच जागी. २००७ मध्ये तिथेच झालेल्या दीडशेव्या स्मृतिदिनी चर्चनं खेद व्यक्त केला.

ज्यांनी बर्फात पीठ नेलं ते कुणी संत नव्हते आणि ज्यांनी कुरणात गोळ्या झाडल्या ते कुणी जन्मजात खुनी नव्हते. दोन्हीकडे साधे शेतकरीच होते, रविवारी बाकावर बसणारे, वरून शब्द आला की उठून जाणारे. फरक एवढाच होता की त्यांना काय करायला सांगितलं गेलं. मला या समाजाच्या रोजच्या वागण्याकडे बघायची नजर इथून मिळाली. एखादा मेंबर प्रेमळ आहे की कोता, हे त्याच्या आईबापांवर, नशिबावर, स्वभावावर बरंचसं ठरतं, त्याचं श्रेय किंवा दूषण धर्माला देणं बरोबर नाही. पण सामान्य माणसाला, ज्याच्या अंगी फार मोठं औदार्यही नाही आणि फार मोठी दुष्टाईही नाही, त्याला हा समाज काय करायला लावतो, काय करणं सोपं करतो आणि कशाला नाही म्हणणं अवघड करतो, ते मात्र त्या समाजाचं स्वतःचं असतं. त्यावरून त्याला जोखता येतं, आणि जोखावंच.

माझ्या आजारपणात जेवण आणणं यांनी सोपं केलं. अवघड काय केलं, ते मला माझ्या मुलीकडून कळलं.

ती दुसरीत असताना मैदानावर एका मुलीनं तिला विचारलं, "तू कुठल्या वॉर्डातली?" प्रश्नात वाईट काही नव्हतं, त्या मुलीच्या जगात प्रत्येक जण कुठल्या तरी वॉर्डातला असतो. पण उत्तर नसण्याची सवय माझ्या मुलीला तिथून लागली. वाढदिवस रविवारी ठेवला तर निम्म्या मैत्रिणी येत नसत, रविवार त्यांचा पवित्र दिवस. आम्ही तो शनिवारी करायला लागलो, त्यात काही बिघडलं नाही. माध्यमिक शाळेत गेल्यावर मात्र अंतर वाढलं. आठवड्यातली एक संध्याकाळ त्या मुलींची वॉर्डात, उन्हाळ्यातलं शिबिर वॉर्डाचं, हायस्कूलमध्ये तर शाळेच्या वेळातलाच एक तास शेजारच्या सेमिनरीच्या इमारतीत धर्मशिक्षणाला. तिला बोलावणी आली, प्रेमानं आली. ती दोन-तीनदा गेलीही. ती येत राहणार नाही हे लक्षात आल्यावर बोलावणी कमी झाली आणि डब्याच्या सुट्टीतल्या टेबलावरची जागाही हळूहळू गेली. कुणी तिला टोचून बोललं नाही. मेंबर मुलीचं सगळं आयुष्य इतकं भरलेलं होतं की बाहेरच्या मुलीसाठी त्यात जागा उरली नाही, आणि तिच्यासाठी जागा करा असं सांगणारी यादी कुणी केली नव्हती.

पैशाच्या बाबतीतही एक गोष्ट इथे आल्यावर हळूहळू कळली. वॉर्डातल्या माणसावर डोळे झाकून विश्वास टाकायचा, ही यांची इतकी अंगवळणी पडलेली रीत आहे की लुबाडणाऱ्याला ती आयती सापडते. 'मीही मेंबर आहे' एवढ्या ओळखीवर आयुष्याची पुंजी गुंतवून बसलेली माणसं इथे पुष्कळ आहेत. आर्थिक गुन्हेगारांची नावं आणि फोटो लोकांसाठी ऑनलाइन ठेवणारं युटा हे अमेरिकेतलं पहिलं राज्य, २०१६ पासून. ज्या राज्याला अशी यादी करावी लागते तिथला विश्वास खोटा म्हणायचा का? मला वाटतं तो खराच आहे, म्हणून तर त्याच्या जिवावर एवढी चोरी होते.

टेंपलमध्ये जायचं तर प्रत्येक मेंबरला दर दोन वर्षांनी बिशपसमोर आणि त्याच्या वरच्या अधिकाऱ्यासमोर बसून ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. श्रद्धेविषयी, दहाव्या हिश्शाविषयी, पथ्याविषयी, आणि त्यातच एक प्रश्न, की तू जे काही करतोस त्यात प्रामाणिक राहण्याचा प्रयत्न करतोस का. पाना घेऊन आलेले गृहस्थ आयुष्यभर हिशेबनीस होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये शेअर बाजाराच्या सरकारी नियामकानं चर्च आणि त्याची गुंतवणूक सांभाळणारी एन्साइन पीक ही संस्था यांना मिळून ५० लाख डॉलरचा दंड केला, कारण अब्जावधींची गुंतवणूक लोकांना दिसू नये म्हणून ती नावापुरत्या कंपन्यांखाली दाखवली गेली होती. त्या आठवड्यात ते माझ्याकडे आले आणि बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हा प्रश्न मला दर दोन वर्षांनी विचारतात. मी दर वेळी आदल्या रात्री खरंच विचार करतो." पुढे काही बोलले नाहीत. चर्च त्यांनी सोडलं नाही, पण त्या दिवशी मला त्यांचा धर्म चर्चच्या इमारतीपेक्षा मोठा वाटला.

सोडणारेही आहेत. सॉल्ट लेक काउंटीत आता निम्म्याहून कमी लोक चर्चच्या पटावर आहेत. आमच्या मागच्या घरातल्या गृहस्थांनी चाळिशी ओलांडल्यावर चर्च सोडलं. कारणं त्यांची त्यांना, पण १९७८ पर्यंत काळ्या पुरुषांना पौरोहित्य नव्हतं आणि काळ्या कुटुंबांना टेंपलचे मुख्य विधी बंद होते, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं एवढं मला माहीत आहे. पत्नी अजून मेंबर आहे. बाहेरच्याला वाटतं, एक माणूस रविवारी जायचा थांबला, एवढंच. त्यांच्या आईसाठी ते तेवढंच नव्हतं. टेंपलमध्ये बांधलेलं कुटुंब मृत्यूनंतरही एकत्र राहतं, ही या धर्माची सगळ्यांत गोड श्रद्धा, आणि मुलगा बाहेर पडला म्हणजे अनंतकाळच्या त्या घरात एक जागा रिकामी. ती म्हातारी दोन वर्षं मुलाशी नीट बोलू शकली नाही, तिला राग नव्हता, दुःख होतं. टेंपलमधल्या लग्नाला पात्र मेंबरांखेरीज कुणाला आत प्रवेश नाही, जन्मदात्या बापालाही नाही. आधी सर्वांसमोर साधं लग्न लावलं तर टेंपलच्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागे. २०१९ मध्ये ती अट काढली, म्हणून या गृहस्थांना स्वतःच्या मुलीच्या लग्नात तिचा हात धरून चालता आलं. ही अट काढायला इतका उशीर का केला, हा प्रश्न मी मेंबर मैत्रिणींना विचारला आहे. त्यांनाही तो पडलेला होता.

चर्च सोडलेल्या या गृहस्थांशी कसं वागायचं ते वॉर्डातल्या प्रत्येकानं आपापल्या कुवतीप्रमाणे ठरवलं. काही जण रस्त्यात भेटल्यावर पटकन मोबाइलकडे बघायला लागले. काही जण जरा जास्तच गोड झाले, पुन्हा पुन्हा येऊन चौकशी करू लागले. "मी आता त्यांचा प्रोजेक्ट झालोय," ते म्हणायचे, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज दुखावलेला असायचा. पाना घेऊन येणारे गृहस्थ मात्र दर शनिवारी त्यांना मासेमारीला घेऊन जायचे तसेच जात राहिले आणि चर्चचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. त्याच हिवाळ्यात मी पाहिलं की कोपऱ्यावरच्या विधवा आजींच्या दारातला बर्फ अजून हे चर्च सोडलेले गृहस्थच काढतात. ते काम वॉर्डानं त्यांना कितीतरी वर्षांपूर्वी नेमून दिलं होतं. आता नेमणारं कुणी नाही, त्यांनी ते सोडलं नाही इतकंच. नेमून दिलेला चांगुलपणा खरा की खोटा, या आमच्या घरच्या वादात नवरा तेव्हापासून जरा नरमला आहे.

मुलगी नरमलेली नाही. ती आता सॉल्ट लेकमध्येच विद्यापीठात शिकते, तिच्या दोन जिवलग मैत्रिणी मेंबर आहेत, तरी तिचं मत कडक आहे. ती म्हणते, "आई, तू आजारी होतीस, परकी होतीस, तुला मदत लागत होती. ज्याला मदत लागते त्याच्याशी कसं वागायचं हे त्यांना फार छान येतं. मला मदत नको होती. मला त्यांच्या बरोबरीनं बसायचं होतं." मागच्या घरातल्या काकांचंही तसंच झालं, असं तिचं म्हणणं. ते आजारी नव्हते, त्यांचं मत बदललं होतं, आणि मत बदललेल्या माणसासाठी वॉर्डाकडे फक्त जेवणाचा ट्रे होता.

मी तिला म्हटलं, बरोबरीनं बसवणारे समाज मी फार कमी पाहिले, आपलाही नाही. आपल्या गावात कुणाला कुठल्या पंगतीला बसवायचे ते आजीला विचार. दारात ट्रे घेऊन येणारे त्याहून कमी पाहिले. ती म्हणाली, दुसरे वाईट आहेत म्हणून यांना सूट का द्यायची, यांची तर यादी करायची पद्धत एवढी पक्की आहे, मग टेबलावर कोण एकटं बसलंय त्याची यादी करायला किती वेळ लागतो? पाना घेऊन आलेल्या गृहस्थांपुढे मी तिचा हा प्रश्न जसाच्या तसा ठेवला. ते म्हणाले, रविवारी बिशपना विचारतो. बिशप आता एक प्लंबर आहेत, वयानं तरुण, त्यांची स्वतःची मुलगी माध्यमिक शाळेत आहे. त्यांनी माझ्या मुलीला घरी जेवायला बोलावलं आहे, वॉर्डातल्या मुलींशी बोलायला, धर्माचा विषय न काढता. जायचं की नाही, हे तिनं अजून ठरवलेलं नाही.